पेशंटपाशी कोण आहे?

आमच्या जिल्ह्यात माणूस दवाखान्यात एकटा कधी भरती झाला नाही. पेशंट एक आणि त्याच्यामागे माणसं पाच-सात, शिवाय चटई, वाकळ, पाण्याची कळशी, पिठाचं गाठोडं आणि वातीचा स्टोव्ह. उमरखेड काय नि वणी काय, दोन्हीकडून यवतमाळ शंभर किलोमीटरच्या आसपास. एसटीनं यायचं म्हणजे बिऱ्हाड घेऊनच यायचं. अकराच्या सुमारास सरकारी दवाखान्याच्या आवारात कडुनिंबाखाली तीन-तीन दगडांच्या चुली पेटत आणि भाकरीचा वास फिनाइलच्या वासात मिसळे. संध्याकाळी सिस्टर वॉर्डाच्या दारात उभी राहून आरोळी देई, "सात नंबर! पेशंटपाशी कोण आहे?" की खाटेखालून, व्हरांड्यातून आणि खिडकीच्या बाहेरून उत्तरं एकदमच यायची.

1989 साली यवतमाळात वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. त्याला वसंतराव नाईकांचं नाव आहे, पण लोकांच्या तोंडी ते नुसतं 'मेडिकल'. त्याआधी केस हाताबाहेर गेली की नागपूर, नाही तर सेवाग्राम. जाताना हातात रेफरची चार ओळींची चिठ्ठी. बाकीची सगळी हकीकत, म्हणजे ताप कधी चढला, कोणती सुई दिली, अंगावर पुरळ कशानं उठलं, हे सोबतच्या माणसाच्या डोक्यात. ते डोकं शाबूत असलं तर पुढच्या डॉक्टरला अर्धं निदान तयार मिळायचं. ते घाबरलेलं असलं तर पहिल्यापासून सुरुवात.

आमच्या घरी हे काम आत्याचं होतं. कुणाचं बाळंतपण, कुणाचा हर्निया, कुणाचा बैलगाडीखाली आलेला पाय, काहीही असो, दवाखान्यात राहायला आत्याच जायची. बाकीचे येऊन-जाऊन. तिला अक्षरओळख नव्हती. पण तिच्या कमरेला सुपारीची चंची असे आणि त्या चंचीच्या एका कप्प्यात पेशंटला दिलेल्या प्रत्येक गोळीचं रिकामं वेष्टन. नवा डॉक्टर विचारी, "आधी काय काय चालू होतं?" की आत्या टेबलावर चंची उलटी करायची. अडकित्ता, कातरलेली सुपारी, चुन्याची डबी आणि त्यात ती चुरगळलेली चांदीची पाकिटं. डॉक्टर आधी वैतागायचे आणि मग एकेक पाकीट सरळ करून वाचत बसायचे. आज मोठ्या शहरांतल्या इस्पितळांत माहितीपत्रकं वाटतात: घरी चालू असलेली सगळी औषधं पिशवीत घालून आणा. आत्याला कुणी पत्रक दिलं नव्हतं.

दुसरं म्हणजे ती पेशंटला पालथं-उताणं करायची. पडून राहणाऱ्या माणसाला दोन-दोन तासांनी कुशीवर वळवणं, टाचा आणि माकडहाड बघणं, कातडी लाल दिसली की तिथला भार काढणं. शय्याव्रण कसे होतात ते तिला कुणी शिकवलं नव्हतं. तिच्या सासऱ्याची पाठ सडलेली तिनं पाहिली होती, तेवढं पुरे होतं.

पण मला सगळ्यात जास्त आठवतं ते तिचं सिस्टरकडे जाणं. भांडायला नव्हे. पदर सावरत टेबलापाशी उभी राहायची आणि सांगायची, "बाई, याले सकाऊनपासून लघवी नाही झाली. अन् हा असा उलटा-पालटा बोलत नाही कधी." बस, एवढंच. वॉर्डात पन्नास पेशंट आणि सिस्टर दोन. त्यांना सात नंबरचा माणूस गोंधळल्यासारखा बोलतोय की त्याचा स्वभावच तसा आहे, हे कळायला काही मार्ग नसतो. तो ओळखीचा माणूस आज वेगळा वाटतोय, हे फक्त घरच्याला कळतं. लघवी कमी होणं, श्वास जलद होणं, एकाएकी भलतंसलतं बोलणं, अंग गार पडून घाम सुटणं या खुणा म्हणजे दुखणं वळण घेत असल्याची वर्दी असते. ती आधी उशाशी बसलेल्या माणसाला दिसते.

आता इथे थांबून एक खरं सांगायला हवं, कारण जुन्या दिवसांबद्दल लिहिताना हात आपोआप गोड लिहू लागतो. आत्या एक होती आणि तिच्याभोवती आम्ही पंधरा जण होतो. त्या पंधरा जणांनी पेशंटचं भलं किती केलं, हा प्रश्नच आहे. सलाईन लवकर संपली तर लवकर सुट्टी होईल, असा एक भाबडा हिशेब असायचा. त्या हिशेबानं कुणीतरी काका नळीवरचं चाक हळूच सैल करी. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा पेशंट असला तर एवढं पाणी एकदम अंगात जाणं म्हणजे छातीत पाणी भरण्याची सोय. ऑपरेशनच्या आदल्या रात्रीपासून तोंडानं काही द्यायचं नाही, असं बजावून सांगितलेलं असे. पहाटे आजीच्या जिवाला चैन पडत नसे. "लेकरू उपाशी हाय" म्हणून ती बशीभर चहा पाजायची. भूल देणाऱ्या डॉक्टरला हे कळलं तर ऑपरेशन पुढे ढकललं जायचं, आणि नाही कळलं तर पोटातलं फुप्फुसात जायचा धोका. माया होती, पण त्या मायेला कुणी कारण समजावून सांगितलेलं नव्हतं. "देऊ नका" एवढंच सांगितलं जायचं. का देऊ नका, हे आजीला सांगितलं असतं तर तिनं स्वतः खाटेपाशी पहारा दिला असता.

भेटायला येणाऱ्यांची तर गोष्टच सोडा. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून अर्धं गाव यायचं. शेताच्या चपला तशाच वॉर्डात, पोरं खाटेवर, कुणाला खोकला, कुणाला तापाची कणकण. येणारा प्रत्येक जण पेशंटच्या कपाळावर हात ठेवायचा आणि तोच हात पुढच्या खाटेवरच्या ओळखीच्यालाही लावायचा. हात धुण्याचा नळ व्हरांड्याच्या टोकाला होता. तिकडे लोक जेवणानंतरच जात. जंतू इथून तिथे नेण्याचं काम आपण किती प्रेमानं केलं!

आता चित्र उलटं झालंय. वॉर्डाच्या दारात सुरक्षारक्षक, पेशंटमागे एक पास, भेटीची वेळ ठरलेली, आवारात चूल मांडली तर शिट्टी वाजते. गर्दी कमी झाली हे चांगलंच झालं. पण खाटेपाशी तो एक माणूस तरी असतो का? पाहा कधी जाऊन. राज्यात 2012 साली जीवनदायी योजना सुरू झाली, पुढे तिला महात्मा फुल्यांचं नाव मिळालं आणि गरिबाच्या ऑपरेशनची सोय झाली. या योजनेनं कित्येक घरं कर्जातून वाचवली. पण योजनेसोबत रेशनकार्ड आलं, आधार आलं, फोटो आले, प्रत्येकाच्या तीन-तीन झेरॉक्स आल्या. पासवाला मुलगा सकाळपासून या खिडकीवरून त्या खिडकीवर. रक्ताचा नमुना लॅबला नेऊन द्यायला तोच, बाहेरच्या मेडिकल स्टोअरमधून इंजेक्शन आणायला तोच, झेरॉक्सच्या रांगेतही तोच. डॉक्टर राउंडला येऊन जातात तेव्हा तो तळमजल्यावर असतो. पूर्वी बसणारं माणूस होतं आणि धावणारं कुणी नव्हतं; आता धावणारा आहे आणि बसणारं कुणी नाही. माझं सरळ मत आहे, पास एकच मिळणार असेल तरी घरातली माणसं दोन ठरवावीत, एक खिडक्यांसाठी आणि एक खाटेसाठी, आणि पास खाटेवाल्याकडे राहू द्यावा.

खाटेपाशी कुणीच नसलं म्हणजे काय होतं, ते 2020 आणि 21 साली सगळ्या महाराष्ट्रानं पाहिलं. कोविड वॉर्डात नातेवाइकाला मज्जाव होता. कारण उघड होतं, त्याबद्दल तक्रार नाही. पण झोपेत ऑक्सिजनचा मास्क सरकला तर तो नीट करणारा हात नव्हता. पाण्याचा पेला टेबलावर आणि टेबल हातभर लांब. म्हातारी माणसं संडासला जायला एकटी उठायची आणि पडायची. आपल्या माणसाला डाव्या कानानं ऐकू येत नाही, हे पीपीई किटमधल्या डॉक्टरला कोण सांगणार? नातेवाईक ही दवाखान्यातली अडचण आहे असं समजणाऱ्या कित्येकांचं मत त्या वर्षात बदललं असेल.

त्याआधी 2017 चा हंगाम. यवतमाळ जिल्ह्याचं नाव तेव्हा देशभर गाजलं, तेही भलत्याच कारणानं. कपाशी माणसाच्या डोक्याएवढी वाढलेली, अळीनं पछाडलेली, त्यात दोन-तीन औषधं एकत्र कालवून केलेली फवारणी. ऑगस्टपासून ऑक्टोबरपर्यंत शेकडो शेतकरी आणि शेतमजूर मेडिकलमध्ये भरती झाले आणि वीसच्या वर माणसं गेली. उलट्या, तोंडाला फेस, डोळ्यांपुढे अंधारी. डॉक्टरांचा पहिला प्रश्न एकच असे, "फवारलं काय होतं?" आणि बहुतेकांचं उत्तर, "फवाऱ्याचं औषध." कोणतं, ते नाव पेशंटच्या तोंडून निघण्याच्या पलीकडे गेलेलं. अशा वेळी बांधावरची रिकामी बाटली उचलून सोबत आणणारा माणूस दहा डॉक्टरांचं काम करून जातो. बाटलीच्या लेबलवर रसायनाचं नाव असतं, विषाची तीव्रता सांगणारा रंगीत चौकोन असतो (लाल म्हणजे सगळ्यात जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा) आणि बहुतेक वेळा उताऱ्याचा उल्लेखही असतो. सगळ्या विषांना एकच उतारा चालत नाही. ऑर्गॅनोफॉस्फरस असेल तर ॲट्रोपिन, दुसरं काही असेल तर उपचार दुसरे.

आणखी एक गोष्ट मदतीला धावणाऱ्यांच्या लक्षात येत नाही. फवाऱ्यानं भिजलेला शर्ट तसाच अंगावर ठेवून माणसाला गाडीत घालतात. विष कातडीतून आत जातच राहतं. तो शर्ट काढून अंग साबणानं धुणं हे घरच्यानंच, शेतातच करायचं काम आहे, आणि करणाऱ्यानं आपले हातही धुवायचे.

सोबत काय न्यायचं याचा विचार निघाला म्हणून सांगतो. आपल्याकडे सिकलसेलची घरं बरीच आहेत, गोंड-कोलामांत आणि इतर समाजांतही. तपासणीनंतर सरकारकडून कार्ड मिळतं. वाहकाला पिवळं, रुग्णाला लाल. ते लाल कार्ड देव्हाऱ्यात जपून ठेवलेलं असतं आणि पोरगं अंगदुखीनं तळमळत दुसऱ्याच गावच्या दवाखान्यात दाखल होतं. तिथला डॉक्टर त्याला साधी अंगदुखी समजला तर दोष कुणाचा? पूर्वी निदान सांगायला तोंडी वंशावळ होती, "याच्या मामालेही असंच होते" म्हणणारी आजी होती. आता आजी गावात आणि कार्ड देव्हाऱ्यात.

31 जानेवारी 2021 ची घटना लोक विसरले असतील. घाटंजी तालुक्यात, भांबोरा प्राथमिक आरोग्य केंद्राच्या हद्दीतल्या कापसी-कोपरी गावात पल्स पोलिओच्या दिवशी पाच वर्षांखालच्या 12 मुलांना पोलिओच्या थेंबांऐवजी हँड सॅनिटायझरचे थेंब पाजले गेले. मुलांना मळमळ-उलट्या सुरू झाल्या, यवतमाळच्या मेडिकलमध्ये भरती करावं लागलं. सुदैवानं मुलं सावरली आणि कर्मचाऱ्यांवर कारवाई झाली. ही चूक आयांची नव्हे. बूथवर लेकरू नेणाऱ्या आईनं विश्वास ठेवायचा नाही तर काय करायचं? पण या घटनेनंतर मला राहून राहून वाटतं की तिथे एका जरी आजीनं सहज विचारलं असतं, "बाई, बाटली पाहू बरं जरा," तर काय झालं असतं? पोलिओच्या कुपीवर एक छोटा गोल आणि त्यात चौकोन छापलेला असतो. चौकोन गोलापेक्षा फिकट असेल तोवर लस चांगली. उन्हातान्हात तापली की तो गडद होत जातो आणि मग लस बाद. ही खूण शाळा न शिकलेल्या डोळ्यांनाही वाचता येते. अशी खूण सॅनिटायझरच्या बाटलीवर नसते.

विचारण्याचं आपल्याला वावडं आहे, हेच खरं दुखणं. पूर्वी डॉक्टर म्हणजे देव, देवाला काय विचारायचं? आता डॉक्टरला देव कुणी म्हणत नाही, पण विचारणं अजूनही आलेलं नाही. विचारण्याच्या जागी आवाज चढवणं आलं. दवाखान्यांची तोडफोड इतकी वाढली की 2010 साली राज्याला त्यासाठी वेगळा कायदा करावा लागला. सिस्टरच्या अंगावर धावून जाणाऱ्या घराला ती पुढच्या वेळी मोजकंच बोलते आणि नुकसान होतं ते पेशंटचं. आत्याचा आवाज मी कधी चढलेला ऐकला नाही. तिचे प्रश्न साधे असत. हे कशाचं? हे याचंच ना?

"याचंच ना?" हा प्रश्न फार मोलाचा आहे. जुन्या वॉर्डात पेशंटला नाव नसायचं. तो आर्णीवाला असायचा, नाही तर सात नंबर. खाट बदलली की नंबर बदलला, आणि आर्णीवाले एका वॉर्डात दोन निघाले की संपलं. आता मनगटाला पट्टी बांधतात, त्यावर नाव नि नोंदणी क्रमांक. पण रक्ताची पिशवी लावताना त्या पट्टीवरचं नाव आणि पिशवीवरचं नाव जुळवून बघताना सिस्टरसोबत घरच्यानंही मान वाकवून पाहिलं तर तिचा अपमान होत नाही. उलट चांगली सिस्टर स्वतःच म्हणते, "नाव सांगा बरं पूर्ण." जागतिक आरोग्य संघटना 2019 पासून 17 सप्टेंबरला रुग्णसुरक्षा दिन पाळते. 2023 चा त्यांचा विषयच हा होता की रुग्ण आणि कुटुंब यांना या कामात सामील करून घ्या. जगाच्या हे लक्षात यायला बराच उशीर झाला म्हणायचा.

आजच्या नातेवाइकाकडे आत्याकडे नव्हतं असं बरंच काही आहे. मोबाइलमध्ये प्रत्येक चिठ्ठीचा, रिपोर्टचा फोटो काढता येतो. जुना केस पेपर खाटेच्या पायथ्याशी लटकलेला असायचा आणि त्यावरचं इंग्रजी म्हणजे ब्रह्मलिखित. आता 2002 च्या वैद्यकीय आचारसंहितेनुसार मागणी केल्यावर 72 तासांत कागदपत्रांची प्रत मिळण्याचा हक्क आहे. गंभीर पेशंट हलवायचा तर 2014 पासून 108 ची गाडी आहे, तीत डॉक्टर असतो. मात्र त्याच मोबाइलवर रील बघताना सलाईन संपते आणि नळीत रक्त मागे चढतं, तरी मान वर होत नाही.

आणि हल्ली घरची माणसंही पाळीनं बसतात. सकाळी सून, दुपारी जावई, रात्री पुतण्या. सिस्टरची पाळी बदलते तेव्हा ती पुढच्या सिस्टरला चार्ज देते, कोणाला काय दिलं, काय द्यायचं राहिलं. आपल्यात चार्ज द्यायची पद्धतच नाही. डॉक्टरनं सकाळी सुनेला सांगितलं की आजपासून मीठ बंद. रात्री पुतण्या बाहेरून चिवडा घेऊन येतो. सुट्टीच्या दिवशी तर कहरच. औषधं कशी घ्यायची ते सिस्टर ज्याला समजावून सांगते तो असतो गाडी घेऊन आलेला माणूस, आणि घरी गोळ्या देणार असते बायको, जी त्या वेळी सामान बांधत असते. सिस्टरनं सांगितलेलं त्याच माणसानं, जो घरी गोळ्या देणार आहे त्यानं, तिलाच परत म्हणून दाखवलं पाहिजे. सकाळी कोणती, रात्री कोणती, कशानं चक्कर आली तर परत यायचं. दोन मिनिटं लागतात. सिस्टर घाईत असते, पण यासाठी थांबते, असा माझा अनुभव आहे.

आता आत्या कुठून आणायची, हा प्रश्न कुणीही विचारील. मुलं पुण्याला, सुना नोकरीला. दवाखान्यात बसायला पैसे देऊन बाई ठेवायची वेळ आली आहे आणि त्यात कमीपणा मानण्यासारखं मला तरी काही दिसत नाही. मध्यंतरी शेजारच्या आजींचं खुब्याचं हाड मोडलं. दोन्ही मुलं लांब. रात्रीसाठी केअरटेकर म्हणून एक तरुण मुलगी ठेवली, बारावी झालेली. धाकट्या सुनेनं पुण्याहून तिला फोनवर सांगून वहीच्या पानावर लिहायला लावलं आणि ते पान खाटेशेजारच्या कपाटावर चिकटवलं. आजींना उजव्या कानानं ऐकू येत नाही, डावीकडून बोला. पेनिसिलिन चालत नाही. साखरेची गोळी जेवणाआधी. चष्मा उशीखाली नको, डबीत. रात्री दोनच्या सुमारास उठतातच, एकट्या उठू देऊ नका.

सिस्टरनं ते पान वाचलं आणि पेनिसिलिनची ओळ लाल पेननं केस पेपरच्या पहिल्या पानावर उतरवून घेतली. सकाळी राउंडला डॉक्टर आले. ते उजवीकडे उभे राहून बोलू लागले तशी ती मुलगी म्हणाली, "सर, इकडून." डॉक्टर वळसा घालून डाव्या बाजूला गेले आणि विचारलं, "आजी, रात्री उठल्या होत्या?"

"दोनदा," आजींच्या आधी मुलगीच म्हणाली. "दोन्ही वेळा मी धरून नेलं. अन् दुसऱ्या खेपेला त्यांचा पाय थोडा सुजलेला वाटला मला, तुम्ही पाहता का?"